उजव्या कुशीतली कळ : आंत्रपुच्छापलीकडचा इतिहास

जबलपूरच्या जुन्या शहरात दीक्षितपुरा ही वस्ती आहे. गढा-मंडल्याचा हा प्रदेश १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी घेतला, १७९८ मध्ये तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला. राज्य गेले, तरी मराठी कुटुंबे या शहरात राहिली. त्यांच्याबरोबर मराठी बोली, सणवार आणि घरगुती औषधांची शिदोरीही राहिली.

समजा, अशाच एका घरातील सून सहा महिन्यांची गरोदर आहे. पहाटे तिच्या पोटात दुखू लागते. आधी बेंबीभोवती, मग हळूहळू उजव्या कुशीत. अन्न नकोसे होते, एकदोन उलट्या होतात. घरातील वडीलधाऱ्या बायकांना यात नवे काही वाटत नाही. कुणी म्हणते वायू धरला, कुणी म्हणते बाळ फिरले, कुणाच्या मते बेंबी सरकली. ओवा चावायला मिळतो, पोटाला शेक दिला जातो, आणि पोट साफ व्हावे म्हणून एरंडेलाची बाटलीही फडताळातून बाहेर येते. दुपारपर्यंत कळ थांबली नाही की दवाखाना गाठला जातो. तिथे डॉक्टर उजवीकडे बोटांनी दाबून पाहतात आणि एकच शब्द उच्चारतात : अपेंडिक्स.

बहुतेक वेळा हा संशय योग्यच असतो. गरोदरपणात प्रसूतीशी संबंध नसलेल्या कारणांसाठी पोटाची जी तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते, तिचे सर्वांत नेहमीचे कारण आंत्रपुच्छदाह म्हणजे अपेंडिक्सची सूज हेच आहे. पण कधी कधी ही कळ हुबेहूब तशीच असते आणि आंत्रपुच्छ मात्र पूर्ण निरोगी निघते. मग दुखत काय होते? या प्रश्नाचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे, आणि त्यातील एक महत्त्वाचे पान आपल्या मध्य भारतात लिहिले गेले आहे.

नाव मिळण्यापूर्वी

आंत्रपुच्छ हा अवयव शरीररचनाशास्त्रज्ञांना सोळाव्या शतकापासून माहीत होता. १७३५ मध्ये लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात क्लॉडियस अम्यांड या शल्यविशारदाने अकरा वर्षांच्या एका मुलाच्या हर्नियावर शस्त्रक्रिया करताना आत अडकलेले आंत्रपुच्छ काढले. त्या आंत्रपुच्छाला टाचणीने भोक पडले होते. नोंदलेली ही पहिली यशस्वी आंत्रपुच्छ-शस्त्रक्रिया. तरीही पुढची दीडशे वर्षे उजव्या ओटीपोटातील पुवाचा दोष मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागालाच दिला जात होता.

या काळातली एक नोंद आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे. १८४८ मध्ये लंडनच्या चेअरिंग क्रॉस रुग्णालयातील हेन्री हॅनकॉक यांच्यासमोर तीस वर्षांची एक स्त्री आली. आठव्या महिन्यात तिची अकाली प्रसूती झाली होती आणि उजव्या ओटीपोटात कडक, दुखरी सूज होती. अशा रुग्णाला अफू द्यायची आणि वाट पाहायची, हा तेव्हाचा रिवाज होता. हॅनकॉक यांनी तो मोडून चीर दिली. दुर्गंधीयुक्त पू वाहून गेला आणि स्त्री वाचली. त्यांनी आंत्रपुच्छ काढले नव्हते, फक्त गळू मोकळे केले होते. आंत्रपुच्छाच्या आजारावर मुद्दाम केलेल्या सुरुवातीच्या शस्त्रक्रियांपैकी एक अशी एका बाळंतिणीवर झाली. मात्र वेळीच पोट उघडावे हा त्यांचा सल्ला समकालीनांनी फारसा मनावर घेतला नाही.

१८८६ : एक पदवी आणि एक शब्द

११ मार्च १८८६ या दिवशी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून आनंदीबाई जोशी यांनी वैद्यकशास्त्राची पदवी घेतली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. त्यांचे स्वतःचे बाळ जन्मानंतर दहाच दिवसांत गेले होते, आणि या दुःखातूनच त्या वैद्यकाकडे वळल्या, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. आनंदीबाई पदवीधर झाल्या त्या दिवशी वैद्यकाच्या कोशात ‘अपेंडिसायटिस’ हा शब्द नव्हता.

तीनच महिन्यांनी, १८ जून १८८६ रोजी, वॉशिंग्टन येथे बोस्टनचे विकृतिशास्त्रज्ञ रेजिनाल्ड फिट्झ यांनी एक निबंध वाचला. शवविच्छेदनांच्या आणि रुग्णांच्या नोंदी मांडून त्यांनी दाखवले, की उजव्या ओटीपोटातील या जीवघेण्या पुवाचा उगम बहुधा आंत्रपुच्छात असतो. त्यांनी या आजाराला नाव दिले आणि लवकर शस्त्रक्रियेची शिफारस केली. तीन वर्षांनी, १८८९ मध्ये, न्यूयॉर्कचे चार्ल्स मॅकबर्नी यांनी पोटावरचा तो प्रसिद्ध बिंदू सांगितला. कमरेच्या उजव्या हाडाच्या टोकापासून बेंबीकडे रेघ ओढली, तर त्या हाडापासून दीड-दोन इंचांवर बोट ठेवताच रुग्ण कळवळतो. आजही प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी हाच बिंदू प्रथम शिकतो.

नाव मिळाले, जागा मिळाली. १९०२ मध्ये राज्याभिषेकाला दोन दिवस उरले असताना सातव्या एडवर्ड राजाच्या आंत्रपुच्छाचे गळू फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी मोकळे केले, समारंभ ऑगस्टपर्यंत पुढे गेला आणि आजाराचे नाव घरोघरी पोचले. पण मॅकबर्नींचा बिंदू गरोदर नसलेल्या पोटावर आखलेला होता. वाढत्या गर्भाशयाने आतला सारा नकाशा हलवला तर काय होते, हा प्रश्न तसाच राहिला.

उशिराचे पाप

१९०८ मध्ये एडमंड बॅबलर या अमेरिकी शल्यविशारदाने गरोदरपणातील आंत्रपुच्छदाहाच्या नोंदी एकत्र केल्या. त्याचा निष्कर्ष असा होता, की या स्त्रिया आजाराने जितक्या दगावतात त्याहून अधिक उशिराने दगावतात. पुढे शतकभर हे मत प्रसूतिशास्त्राच्या वर्गांत सांगितले गेले.

उशीर का होतो, याची कारणे गरोदरपणातच आहेत. मळमळ, उलटी आणि अन्नावरची वासना उडणे ही आंत्रपुच्छदाहाची लक्षणे. पण ती दिवस गेल्याचीही लक्षणे आहेत. रक्तातील पांढऱ्या पेशी वाढल्या तर डॉक्टरांना संसर्गाचा संशय येतो, पण निरोगी गरोदर स्त्रीतही त्या वाढलेल्या असतात. सूज पोटाच्या आतील अस्तराला लागली की पोट कडक होते, पण वाढलेले गर्भाशय मध्ये आल्याने अस्तर आणि आंत्रपुच्छ यांच्यात अंतर पडते आणि ही खूण फिकी होते.

१९३२ मध्ये शिकागो येथे बेअर, रीस आणि अ‍ॅरेन्स यांनी गरोदर स्त्रियांची क्ष-किरण छायाचित्रे काढून सांगितले, की महिने वाढतात तसे आंत्रपुच्छ वर आणि बाहेरच्या बाजूला सरकते. निरोगी गरोदर स्त्रियांवर असे क्ष-किरण टाकणे आज कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही. तरीही त्यांचे चित्र पाठ्यपुस्तकांत सात दशके छापले गेले. २००० मध्ये अमेरिकेतील सुमारे ६७ हजार प्रसूतींचा आढावा प्रसिद्ध झाला, तेव्हा दिसले की गरोदरपणाचा कोणताही टप्पा असो, दुखणे बहुतेक वेळा उजव्या ओटीपोटातच असते. २००३ मध्ये इराणमधील शिराझच्या संशोधकांनीही आंत्रपुच्छ फारसे हलत नाही असेच नोंदवले. पाठ्यपुस्तकातील ठाम चित्रही पुन्हा तपासावे लागते, हा विज्ञानाचा धडा येथे आहे.

त्याच अमेरिकी आढाव्यात आणखी एक संख्या आहे. त्या प्रसूतींत ६७ स्त्रियांना आंत्रपुच्छदाह असावा असे डॉक्टरांना वाटले होते. तपासणीअंती तो खरा ठरला ४५ जणींत. उरलेल्या बावीस जणींच्या पोटात दुखत होते, हे खरेच होते. त्याचे कारण मात्र दुसरे होते.

घाईचेही मोल असते

बॅबलर यांच्या शिकवणुकीतून एक व्यवहारी नियम तयार झाला : संशय आला की पोट उघडा, आंत्रपुच्छ निरोगी निघाले तरी बिघडत काही नाही. अनेक दशके हा नियम चालला, आणि त्याने जीव वाचवले यात शंका नाही.

२००७ मध्ये कॅलिफोर्नियातील रुग्णालयांच्या नोंदी तपासणाऱ्या एका अभ्यासाने या नियमाची दुसरी बाजू दाखवली. आंत्रपुच्छ काढलेल्या ३,१३३ गरोदर स्त्रिया त्यात होत्या. त्यांपैकी २३ टक्के स्त्रियांचे आंत्रपुच्छ निरोगी निघाले. गरोदर नसलेल्या स्त्रियांत हे प्रमाण १८ टक्के होते. साध्या आंत्रपुच्छदाहात गर्भ गमावण्याचे प्रमाण २ टक्के होते आणि फुटलेल्या किंवा गुंतागुंतीच्या आजारात ६ टक्के. निरोगी आंत्रपुच्छ काढलेल्या स्त्रियांत ते ४ टक्के होते. म्हणजे आजार नसताना केलेली शस्त्रक्रिया गर्भाच्या दृष्टीने साध्या आजारावरील शस्त्रक्रियेहून सुरक्षित निघाली नाही. यात शस्त्रक्रियेचा वाटा किती आणि ज्या खऱ्या कारणाने दुखत होते त्याचा किती, हे अशा नोंदींवरून वेगळे काढता येत नाही. पण ‘बिघडत काही नाही’ हे वाक्य त्यानंतर कुणालाही सहज उच्चारता येऊ नये.

एकीकडे उशीर, दुसरीकडे घाई. दोन्हींत आई आणि बाळ पणाला लागलेले. यांतून वाट काढायची तर ‘आंत्रपुच्छ नसेल तर काय?’ हा प्रश्न सुरी उचलण्यापूर्वी विचारावा लागतो.

आंत्रपुच्छाचे वेषधारी

या प्रश्नाची उत्तरे गेल्या साडेतीन शतकांत एकेक करून सापडली. १६६९ मध्ये फ्रान्सचे प्रसूतितज्ज्ञ मोरिसो यांनी एका स्त्रीची हकीकत नोंदवली. तिचा गर्भ गर्भाशयाच्या अपुऱ्या वाढलेल्या शिंगासारख्या भागात वाढला आणि तो भाग फुटला. अशी स्थिती अतिशय विरळ. पण ती उजव्या बाजूला असेल तर फुटण्यापूर्वीची कळ आंत्रपुच्छासारखी वाटू शकते, आणि फुटल्यावर तासा-दोन तासांत रक्तस्राव जीव घेऊ शकतो. १७०८ मध्ये फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ द्युव्हर्ने यांना शवविच्छेदनात गर्भाशयात एक आणि गर्भनलिकेत दुसरा असे दोन गर्भ एकाच वेळी आढळले. नैसर्गिक गर्भधारणेत हे क्वचितच घडते. कृत्रिम गर्भधारणेचे उपचार आल्यापासून ते पूर्वीइतके दुर्मिळ राहिलेले नाही. सोनोग्राफीत गर्भाशयातील गर्भ दिसला की तपासणारा निश्चिंत होतो, आणि दुसरा गर्भ नजरेतून सुटतो.

उजव्या अंडाशयाला पीळ पडणे हे आणखी एक कारण. अंडाशयात गाठ असली की ते जड होते, स्वतःभोवती फिरते आणि त्याचा रक्तपुरवठा तुटतो. अचानक उठणारी, थांबून थांबून येणारी कळ ही त्याची खूण. येथे थांबून चालत नाही; पीळ वेळेत सोडवला तर अंडाशय वाचते. गर्भाशयातील मांसगाठीचा, म्हणजे फायब्रॉइडचा, रक्तपुरवठा अपुरा पडला की ती आतून मरू लागते आणि मधल्या महिन्यांत तीव्र दुखते. येथे नियम नेमका उलटा : विश्रांती आणि वेदनाशामक द्यावे, गाठीला हात लावू नये, कारण गरोदर गर्भाशयातून रक्त आवरणे कठीण. एकाच जागेची कळ, पण एकीत सुरी हवी आणि दुसरीत सुरी नको.

कधी कारण पोटाच्या मागच्या बाजूस असते. वाढते गर्भाशय थोडे उजवीकडे कलते, त्यामुळे उजव्या मूत्रवाहिनीवर दाब येतो. म्हणूनच गरोदरपणातील मूत्रपिंडाचा संसर्ग उजवीकडे अधिक दिसतो. कधी कारण वर असते. १९८२ मध्ये अमेरिकेतील लुई वाइनस्टाइन यांनी ‘हेल्प’ हे नाव दिलेल्या विकारात रक्तपेशी फुटतात, यकृत बिघडते आणि रक्तबिंबिका घटतात. उजव्या फासळीखालची कळ ही त्याची पहिली तक्रार असू शकते, आणि तेव्हा उपचार म्हणजे प्रसूती. कधी गर्भाशयाच्या बाहेरील फुगलेली शीर आपोआप फुटते. कधी पॉर्फिरिया या दुर्मिळ चयापचय-विकाराचा झटका येतो. त्यात पोट भयंकर दुखते, पण दाबून पाहिले तर मऊ लागते.

आपल्या देशात या यादीला आणखी काही नावे जोडावी लागतात : लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यावरील क्षयरोग, विषमज्वराने आतड्याला पडलेले छिद्र, अमिबाची सूज, आंत्रपुच्छाच्या तोंडाशी अडकलेला जंत. लंडन-बोस्टनच्या पाठ्यपुस्तकांत ही नावे तळटीपेत असतात. नागपूर-जबलपूरच्या डॉक्टरला ती वरच्या ओळीत ठेवावी लागतात. आणि त्या ओळीत एक नाव असे आहे, की ज्याचा शोध पोटात नव्हे, रक्तात घ्यावा लागतो.

१९५८ : एकाच नियतकालिकातील दोन निबंध

१९५८ च्या पूर्वार्धात ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात काही महिन्यांच्या अंतराने दोन निबंध छापून आले. त्यांचा एकमेकांशी संबंध आहे असे तेव्हा कुणाला वाटले नसेल.

जूनमधला निबंध ग्लासगोचे इयन डोनाल्ड, जॉन मॅकव्हिकर आणि टॉम ब्राउन यांचा. जहाजबांधणीच्या त्या शहरात धातूतील भेगा शोधण्यासाठी ध्वनिलहरी वापरल्या जात. त्याच लहरी या मंडळींनी पोटावर लावल्या. त्यांच्या रुग्णांत एक स्त्री अशी होती, की तिला शस्त्रक्रियेपलीकडे गेलेला कर्करोग असल्याचे मानले गेले होते. ध्वनिचित्रात तो अंडाशयाचा द्रवाने भरलेला फुगा दिसला. तो काढला आणि ती बरी झाली. येथून प्रसूतिशास्त्रातील सोनोग्राफी सुरू झाली. पुढे १९८६ मध्ये, फिट्झ यांच्या निबंधाला बरोबर शंभर वर्षे होत असताना, नेदरलँड्सच्या पुयलार्ट यांनी सोनोग्राफीचा दांडा पोटावर हळूहळू दाबत नेऊन सुजलेले आंत्रपुच्छ कसे पाहावे हे दाखवले. आज सोनोग्राफी, आणि जेथे सोय असेल तेथे एमआरआय, यांमुळे गरोदर स्त्रीला किरणांचा त्रास न देता आत डोकावता येते.

दुसरा निबंध त्या आधीचा आणि आकाराने लहान, जेमतेम दोन पानांचा. तो मध्य भारतातला होता. नागपूरचे शुक्ला आणि सोळंकी यांनी त्यात सांगितले, की सिकलसेलचा गुणधर्म मध्य भारतातील लोकांत आढळतो.

सिकलसेलची पहिली वैद्यकीय नोंद शिकागोचे जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये केली होती. ग्रेनाडा बेटावरून आलेल्या दंतवैद्यकाच्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या पेशी दिसल्या होत्या. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो दोष नेमका पकडला : १४६ दुव्यांच्या साखळीत सहावा दुवा बदललेला, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. भारतात १९५२ मध्ये लेहमन आणि कटबुश यांनी निलगिरीच्या आदिवासींत हा गुणधर्म शोधला, त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतील मजुरांतही तो आढळला, आणि १९५८ मध्ये तो आपल्या अंगणात सापडला.

ग्लासगोच्या शोधाचे यंत्र झाले. ते विकले गेले, गावोगावी पोचले. आज तालुक्याच्या ठिकाणीही सोनोग्राफीची पाटी दिसते. नागपूरच्या शोधाचे यंत्र होणार नव्हते. त्यातून फक्त एक प्रश्न निघत होता, प्रत्येक रुग्णाला विचारायचा. आणि प्रश्नाचा प्रसार यंत्राइतक्या वेगाने होत नाही.

वाकडी पेशी आणि गरोदर पोट

सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की ताठ आणि विळ्यासारख्या होतात. सूक्ष्म रक्तवाहिन्यांत त्या अडकतात आणि पुढचा भाग रक्तावाचून तडफडतो. ही वेदना हाडांत, छातीत, पाठीत आणि पोटातही होते. आतड्याच्या पदरातील, यकृतातील किंवा प्लीहेतील वाहिन्या तुंबल्या तर पोट असे दुखते, की अनुभवी शल्यविशारदही फसावा. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही पेशी दहा ते वीस दिवसांत नष्ट होते, म्हणून रक्तक्षय कायमचा.

गरोदरपणात शरीराची प्राणवायूची आणि रक्ताची गरज वाढते, आणि झटक्यांचा धोकाही, विशेषतः अखेरच्या तिमाहीत व बाळंतपणानंतर. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण बहुधा जास्त राहते. त्यामुळे काहींचा आजार लहानपणी सौम्य असतो. ‘हिला रक्त कमी आहे’ एवढ्यावरच मुलगी मोठी होते, लग्न होते, दिवस जातात, आणि पहिला मोठा झटका गरोदरपणातच येतो. तिच्या कागदांवर सिकलसेल हा शब्द कुठेच नसतो. अशी स्त्री उजव्या कुशीला हात लावून दवाखान्यात आली, की अपेंडिक्स हा निष्कर्ष अगदी स्वाभाविक ठरतो.

येथे चूक महागात पडते. भूल, थंडी, तहान आणि प्राणवायूची घट या शस्त्रक्रियेच्या टेबलावरच्या गोष्टी. याच गोष्टींनी पेशी अधिक वाकतात. पूर्वतयारी न करता केलेली शस्त्रक्रिया छातीतील जीवघेण्या गुंतागुंतीला निमंत्रण देऊ शकते. उलट, झटकाच असेल तर पुरेसे द्रव, गरजेप्रमाणे प्राणवायू, प्रभावी वेदनाशमन आणि संसर्गावर नजर एवढ्याने तो बहुधा उतरतो. मात्र सिकलसेलच्या स्त्रीलाही खरा आंत्रपुच्छदाह होऊ शकतो. म्हणून निदान कळले की शस्त्रक्रिया टाळायची, असा नियम नाही. शस्त्रक्रिया लागलीच, तर रक्त, ऊब, द्रव आणि प्राणवायू यांची तयारी करून ती करायची. माहिती आधी हवी, ती यासाठी.

या आजाराचा इतिहास भूगोलातही वाचता येतो. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत दाखवले, की या जनुकाची एकच प्रत असलेल्यांना हिवतापापासून संरक्षण मिळते. सातपुड्यातील आणि महाकोशल-विदर्भातील जंगलपट्टे हे हिवतापाचे जुने प्रदेश. जनुक तेथे टिकले. आपल्याकडे तो आदिवासींचा आजार म्हणून ओळखला जातो आणि आदिवासी समाजांत त्याचा भार सर्वाधिक आहे. पण विदर्भात अनुसूचित जातींत आणि इतर मागास समाजांतही तो आहे. शहरातील घराने ‘आमच्यात हे नसते’ असे मानून तपासणी टाळणे शास्त्राला धरून नाही.

दीक्षितपुरा ते गढा

गढा हा आज जबलपूरचाच भाग आहे. तेथे नागपूर रस्त्यावर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची आदिवासी आरोग्यावर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. ती १९८४ मध्ये प्रादेशिक केंद्र म्हणून सुरू झाली, आणि सिकलसेल हा तिच्या कामाचा एक मुख्य विषय राहिला आहे. जबलपूरच्या पूर्वेस शहडोल येथे १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल रक्तक्षय निर्मूलन मोहीम सुरू झाली. २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवावा आणि बाधित भागांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करावी, असे तिचे उद्दिष्ट आहे. तपासलेल्या व्यक्तीला तिची जनुकीय स्थिती सांगणारे कार्ड दिले जाते.

या मोहिमेच्या बातम्यांत विवाहपूर्व समुपदेशनावर भर असतो, आणि तो योग्यच आहे : दोन्ही जोडीदार वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता २५ टक्के असते. पण त्या छोट्या कार्डाचा आणखी एक उपयोग आहे. रात्री दोन वाजता, उजव्या कुशीत कळ घेऊन आलेल्या गरोदर स्त्रीच्या पिशवीत ते असेल, तर १९५८ चा तो प्रश्न डॉक्टरांनी विचारण्यापूर्वीच त्याचे उत्तर टेबलावर येते.

कार्ड नसेल तर? विद्राव्यता चाचणी स्वस्त आहे आणि काही मिनिटांत होते. ती वाहक आणि रुग्ण यांत भेद करू शकत नाही, आणि फार तीव्र रक्तक्षयात फसवूही शकते; म्हणून पुढे हिमोग्लोबिनचे पृथक्करण करून खात्री करावी लागते. हा भेद महत्त्वाचा आहे. केवळ वाहक असलेल्या स्त्रीला सहसा असे झटके येत नाहीत, तेव्हा तिच्या कळेचे खापर सिकलसेलवर फोडून आंत्रपुच्छाकडे दुर्लक्ष करणे ही दुसरी चूक ठरेल.

शेवटी दोन गोष्टी

विद्यार्थ्यांसाठी : मॅकबर्नींचा बिंदू पाठ करा, पण तो जागा सांगतो, कारण सांगत नाही हेही लक्षात ठेवा. गरोदर स्त्रीच्या उजव्या कळेत आंत्रपुच्छाचा संशय पहिला असू द्या, एकमेव असू देऊ नका. सोनोग्राफीत दोन्ही अंडाशये पाहा, दोन्ही मूत्रपिंडे पाहा, गर्भाशयाबाहेर रक्त किंवा दुसरा गर्भ नाही ना ते पाहा. लघवी, रक्तदाब, यकृत आणि रक्तबिंबिका तपासा. आणि मध्य भारतात काम करत असाल, तर तिला विचारा : असे पूर्वी कधी दुखले होते का? हाडे दुखतात का? रक्त चढवावे लागले होते का? घरात कुणाला सिकलसेल आहे का? या चार प्रश्नांना दोन मिनिटेही लागत नाहीत.

वाचकांसाठी : गरोदरपणात काही तास न थांबणारी कळ, ताप, वारंवार उलट्या, रक्तस्राव, चक्कर किंवा बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही असेल, तर घरी थांबू नये. एरंडेल किंवा कोणतेही रेचक देऊ नये; आंत्रपुच्छ सुजलेले असेल तर ते फुटण्याचा धोका त्याने वाढतो. बाळंतपणाच्या पिशवीत लुगडी-दुपट्यांबरोबर रक्तगटाचा आणि सिकलसेल तपासणीचा कागद ठेवावा. हा लेख माहितीसाठी आहे. निदान आणि उपचार डॉक्टरांनीच करायचे असतात.

फिट्झ यांनी १८८६ मध्ये आजाराला नाव दिले आणि असंख्य जीव वाचले. त्या नावाची सवय झाल्यावर इतर कारणे त्याच्या आड गेली. दीक्षितपुऱ्यातील त्या सुनेला दोन्ही गोष्टी मिळायला हव्यात : आंत्रपुच्छ सुजले असेल तर त्याच दिवशी शस्त्रक्रिया, आणि नसेल तर तिच्या कळेचे खरे कारण शोधणारा डॉक्टर. यासाठी लागणारे बहुतेक ज्ञान १९५८ पासून आपल्याजवळ आहे. आता ते तिच्या खाटेपर्यंत वेळेवर पोचले पाहिजे.